ताईचा टीबी माझ्या नावावर

माझी ताई आज सकाळी गेली.
आणि मला टीबी कधी झालाच नव्हता.

दोन्ही गोष्टी डोक्यात शिरत नाहीयेत. पहिली आज कळली, दुसरी काल.

मी जन्मभर नर्सिंगच्या मुलींना मेडिकल टर्मिनॉलॉजी शिकवली. डिस्प्निया म्हणजे धाप. हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त. फायब्रोसिस म्हणजे भरलेल्या जखमेचा वण.

टीबीचा धडा आला की मी ऐटीत सांगायचो, "मी स्वतः केस आहे. सात वर्षांचा असताना मला प्रायमरी कॉम्प्लेक्स झाला होता, म्हणजे लहान मुलांचा टीबी."

मग माझा एक्स-रे खिडकीच्या काचेला लावायचो. "बघा, डागसुद्धा उरलेला नाही. नीट उपचार केले की असं होतं."

मुलींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणी इथे या ग्रुपवर आहात. माफ करा. ती नुसती निरोगी छाती होती.

ताई चार दिवस इंदूरच्या तुकोगंजातल्या एका दवाखान्यात होती. न्यूमोनिया. वय एकोणनव्वद, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पण जीभ शाबूत.

काल दुपारी तिथली तरुण डॉक्टर एक्स-रे घेऊन आली.

"अंकलजी, न्यूमोनिया तो है ही. पर लेफ्ट अप्पर लोब में पुराना फायब्रोसिस है, कैल्सिफिकेशन भी. आंटी को टीबी कब हुआ था?"

"उन्हें नहीं, मुझे हुआ था."

ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी एक्स-रेकडे. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, अगदी पुस्तकातल्यासारखा वण.



मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, आणि आमचे बाबा सचिवालयाच्या फायलींबरोबर ये-जा करणार. त्या वर्षी त्यांनी इंदूरजवळ राऊला मोकळ्या हवेत दोन खोल्या घेतल्या. आई, मी आणि मदतीला सतरा वर्षांची ताई.

साऱ्या इंदूरला सांगितलं, धाकट्याची छाती बिघडलीय.

सुया मात्र ताईला टोचायचे. मी विचारलं तर आई म्हणायची, "ती तुझी सेवा करते ना? मग तिला ताकद नको?"

मला पटलं. सात वर्षांच्या पोराला काय, काहीही पटतं. पण मी पुढे शिकलो, शिकवलं, रिटायर झालो, तरी पटतच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकदा ताईच्या रुमालावर लाल डाग दिसला. "शहतूत खाल्ले रे," ती म्हणाली. मला तुती का नाही दिल्या, म्हणून मी संध्याकाळपर्यंत भोकाड पसरलं होतं.

हिमॉप्टिसिस. फळ्यावर किती वेळा लिहिला असेल हा शब्द. तो रुमाल एकदाही आठवला नाही.

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती.

राऊला गेल्यापासून ताई मला जवळ घेईना. तिच्या पेल्यातलं पाणी देईना. बोलताना तोंडाला पदर, झोपायला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. मला वाटायचं, मी आजारी आहे म्हणून तिला माझी किळस येते. पांघरुणात तोंड घालून रडायचो मी.

दीड वर्षाने आम्ही परत आलो. ताई चांगली गुटगुटीत झाली होती. लगेच तिचं लग्न ठरलं.

मी मात्र "छातीचा" राहिलो. कबड्डी बंद. पळणं बंद. मार्चपर्यंत स्वेटर. माझ्या सासऱ्यांनी तर मुलगी देण्याआधी माझे दोनदा एक्स-रे काढून घेतले होते.

काल मी ताईच्या पलंगाशी गेलो. सरळच विचारलं, "टीबी तुला होता?"

तिने मास्क बाजूला केला. मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.

"हो रे. तुला काय होणार? तू तर एकदम टनाटन होतास."

"मग माझं नाव का?"

"बाबा म्हणाले, मुलाचं काय, नोकरी लागली की सगळे भूल जातात. मुलीचं कोण भूलतं? मला कोणी सून करून घेतलं असतं का?"

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचंस ना!"

"आधी सासू होती. मग हे होते. मग मुलांची लग्नं." तिला धाप लागली. "मग तू क्लासमध्ये इतक्या शानने सांगायचास... मला हिंमतच नाही झाली."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"रागावलास काय?"

"नाही तर काय करू? सत्तर वर्षं बेवकूफ बनवलंत मला."

"सगळ्यांनी मिळून बनवलं रे. माझ्या एकटीवर नको काढूस."

मी तिचा मास्क नीट बसवला आणि "उद्या बोलू" म्हणून निघालो. हातसुद्धा हातात घेतला नाही. फणकाऱ्यात होतो ना.

सकाळी सहाला भाच्याचा फोन आला.

आत्ता घाटावरून येऊन बसलोय. अंगावर ओले कपडे तसेच आहेत. सून दोनदा ओरडून गेली, छातीत सर्दी बसेल म्हणून.

ताई, राग अजून आहे. बाबांवर आहे, आईवर आहे, तुझ्यावरही थोडा आहेच. खोटं कशाला बोलू?

पण काल जे सांगायला हवं होतं ते आता इथे लिहितो, आता तू वाचणार नाहीस तरी.

तेव्हा मला नुसतं विचारायचंस गं. सात वर्षांचा होतो, पण तुझ्यासाठी मी हो म्हटलं असतं.

नमस्कार करतो, ताई.
तुझा धाकटा.