हलतं चित्र आणि समितीचे अध्यक्ष

आमच्या यंत्राची पहिली चाचणी आम्ही संत्र्यावर घेतली. नागपुरात दुसरं काय घेणार? इतवारीतून आणलेल्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी भरलं, त्यात संत्रं बुडवलं, ध्वनिलहरी सोडल्या आणि स्क्रीनवर ठार काळोख. हवेतून या लहरी पुढे जात नाहीत हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण जन्मभर संत्री सोलूनही त्या ढिल्या सालीखाली हवाच असते, हे डोक्यात आलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एका डॉक्टर बाईंबरोबर हे खूळ जोपासायचो. सोनोग्राफी तेव्हा चपटी असे, पावाचा एक काप पाहावा तशी. आम्हाला अख्खा पाव दाखवायचा होता, तोही हलता. हृदयाची झडप उघडते-मिटते ती त्याच क्षणी, सगळ्या बाजूंनी दिसायला हवी होती. त्यासाठी तपासणीची दांडी मोटरने झुलवायची आणि येणारं सगळं कॉम्प्युटरने भराभर जुळवायचं. मोटर तेल गाळायची. खोलीतला एकुलता एक पंखा कॉम्प्युटरच्या सेवेत असल्यामुळे मे महिन्यात आम्ही पुठ्ठ्याने वारा घ्यायचो.

पण चित्र हललं. झडपा दिसल्या त्या दिवशी बाई अक्षरशः नाचल्या. गावाला मात्र झडपांशी काही देणंघेणं नव्हतं. ज्याच्या कानावर जाई तो एकच विचारी, "पोरगा का पोरगी, दिसते काय जी त्यात?"

आमचं काम चालू ठेवायचं की नाही, हे एक समिती ठरवत असे. तिचे अध्यक्ष धरमपेठेतलं बडं प्रस्थ. त्यांना विज्ञानाबद्दल अपार आदर होता, विशेषतः ते घरी उपयोगी पडणार असेल तेव्हा. पाहणीला आले ते सुनेला घेऊनच. तिला दोन मुली होत्या आणि पाचवा महिना लागला होता.

बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "तिसरीही पोरगीच असन तर ठेवाची नाही. तुम्ही फक्त पाहून सांगा. नाहीतर मंग मुंबईले न्या लागते हिले."

सून फरशीकडे बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काही बोलणार तेवढ्यात बाईच तिला म्हणाल्या, "चला ताई, आत चला."

सुनेला सासऱ्यांसमोर कसं झोपवणार, म्हणून मध्ये चादर टांगली होती. आत बाई आणि सून, बाहेर स्क्रीनसमोर मी आणि अध्यक्ष. करडं धुकं हललं. डोकं दिसलं, मग एक मूठ. मग दोन मांड्या, आणि त्यांच्यामध्ये जाडसर काहीतरी.

अध्यक्ष खुर्चीवरून उठलेच. "दिसला! दिसला ना जी! पोरगा आहे!"

ती नाळ होती. चपट्या, थांबलेल्या चित्रात मीही फसलो असतो. इथे ती मांड्यांमधून वळून पोटाकडे जाताना स्वच्छ दिसत होती, शिवाय हृदयाच्या ठोक्याबरोबर उडत होती. क्षणभराने ती बाजूला सरकली आणि मागे काय नव्हतं तेही मी पाहिलं. अध्यक्ष तोवर कुठल्या दुकानातले पेढे आणायचे यावर आले होते.

चादरीमागून बाईंचा आवाज आला, "झालं, सर. मशीन बंद करा."

मी बंद केलं. मुलगा आहे असं आम्ही म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

निघताना सुनेने बाईंना हळूच विचारलं, "खरंच काय जी?"

"बाळ छान आहे," बाई म्हणाल्या. "वेळेवर जेवत जा."

मुलगी झाली. आठवडाभरात अध्यक्ष दारात हजर. मी शिव्या खायच्या तयारीत होतो, पण ते आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा, मशीन चुकली का माहे डोळे चुकले? मशीन खरी असन तर तुमचं काम बंद होऊ देत नाही. इथंच रांग लावून देतो लोकायची. पुतण्याची बायको बाहेर गाडीत बसून आहे, तिलेही दिवस आहेत."

खिडकीतून गाडी दिसत होती. मागच्या सीटवर डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी बसली होती, वीसचीही नसेल. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या यंत्रातली एकेक तार मी स्वतःच्या हाताने डाक देऊन जोडली होती. आणि ते अचूक होतं, देवाशपथ अचूक होतं.

"मशीनच चुकली जी," मी म्हणालो. "भंगार आहे. तिच्या भरवशावर राहू नका."

गाडी परत गेली. पुढच्याच बैठकीत आमचं काम बंद झालं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. त्या संध्याकाळी बाई लॅबमध्ये बर्फी घेऊन आल्या. मुलगी झाल्यावर वाटतात ती. अध्यक्षांच्या घरी कुणी वाटली नव्हती.