ताणावरच्या झाडांना ओला चोथा

रंभाबाई खोब्रागडेंना कारखान्यातून काढलं त्याला आठ वर्षं झाली, आणि मॅनेजर मनोहरराव अजूनही पाहुण्यांना बाईंचेच खताचे खड्डे दाखवत फिरतात. "आमच्याकडे कॉफीचा कणही वाया जात नाही," म्हणतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी इथेच बॉयलरवर आहे, म्हणून मला ते वारंवार ऐकावं लागतं.

हिंगण्याला आमचा हा कारखाना सुरू झाला सत्तरच्या सुमारास. दक्षिणेतून कॉफीच्या बिया पोत्यांनी यायच्या. त्या भाजायच्या, दळायच्या, उकळून अर्क काढायचा आणि अर्काची भुकटी करायची. मागे उरायचा तो चोथा, काळा, ओला, वाफाळता. तो मागच्या पडीत ढकलून द्यायचे. तिथलं गवत जळालं, नाला घाण मारू लागला. डिग्रीवाले साहेब नाकाला रुमाल लावून पाहून गेले आणि कागदावर काहीतरी लिहून मोकळे झाले.

डोकं चालवलं ते झाडूवाल्या रंभाबाईंनी. त्यांचे आईबाप कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत मजूर होते. स्वतःच्या मालकीचं एक झाड नाही, पण झाडाचं सगळं ठाऊक. नव्या चोथ्याखाली गवत मरतं आणि दोन वर्षांच्या जुन्या ढिगावर तांदुळजा गुडघ्याएवढा वाढतो, हे त्यांनी झाडता झाडता पाहिलं. मग खड्डे खणले. चोथ्याचा थर, शेणाचा थर, वर माझ्या बॉयलरची राख. महिन्याला एकदा सगळं वरखाली. खड्ड्यात जागा नसली की उरलेला चोथा उन्हात वाळवून, बियांच्या टरफलात मिसळून मला जाळायला द्यायच्या. हे सगळं करून बाईंचा हुद्दा झाडूवालीच राहिला.

खताच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. मूठभर नाकाशी धरायच्या आणि कॉफीचा वास आला की परत झाकून टाकायच्या. एकदा मनोहरराव घाई करू लागले तर म्हणाल्या, "साहेब, तुमी कॉफी कच्ची विकता का? मंग माह्यं खत कच्चं काहून मांगता?" साहेबांना ते फार झोंबलं होतं.

त्या खताचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रुपराव, दोनशे संत्र्यांचा बागाईतदार. संत्र्याला फुलं हवी असतील तर थंडीत महिना-दीड महिना पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड उपाशी राहतं, आणि मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरून येतं. मधेच ओल लागली तर ताण तुटतो, नुसती पालवी फुटते आणि वर्षाचा बहार गेला. रंभाबाईंचं खत मातीसारखं कोरडं असायचं, म्हणून रुपराव ते ताण चालू असतानाच झाडाच्या आळ्यांत भरून ठेवायचे. पाणी सोडायच्या दिवशी पुन्हा धावपळ नको. चार वर्षं असंच चाललं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात रंभाबाई लेकीच्या बाळंतपणाला भंडाऱ्याला गेल्या. नेमकी तेव्हाच मुंबईहून मोठे साहेब येणार असल्याची बातमी आली. मागचा ताजा ढीग नाहीसा करायचा होता. मनोहररावांनी तो रुपरावांकडे जाणाऱ्या ट्रकांत भरायला सांगितला आणि वर रंभाबाईंच्या खड्ड्यातलं चार बोटं खत पसरायला लावलं. कुणीतरी म्हणालं, बाई येऊ द्या. त्यावर साहेब बोलले, "त्या लोकांना काय कळतं शेतीतलं?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. चार वर्षांच्या भरवशावर रुपरावांनी नुसतं वरचं खत पाहिलं आणि मजुरांकरवी सगळं आळ्यांत भरून घेतलं.

फेब्रुवारीत रुपराव हातात एक फांदी घेऊन गेटवर आले. फांदीवर कोवळी पालवी होती, कळी एकही नव्हती. "रंभाबाई, माह्या बागेचं वाटोळं काहून केलं वं?"

बाईंनी फांदी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मनोहरराव शांतपणे म्हणाले, "खत बाईच करतात. आम्ही फक्त जागा दिली."

तेव्हा रंभाबाई माझ्याकडे वळल्या. "मधुकर, तू होता ना गा इथं? ट्रकात काय भरलं होतं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मनोहररावही. मी तेव्हा बदली कामगार होतो, पुढच्या महिन्यात पक्का होणार होतो.

"मले नाही माहीत, बाई," मी म्हणालो.

त्याच दिवशी त्यांना काढलं. त्या भांडल्या नाहीत. रुपरावांच्याच बैलगाडीत बसून बागेत गेल्या आणि पहिलं आळं हातांनी उकरलं. तळाशी ओला चोथा निघाला. मूठ रुपरावांच्या नाकाशी धरली. कॉफीचा वास आला तसे तेही शेजारी बसून आळं उकरू लागले. पुढे बारा दिवस दोघांनी मिळून दोनशे झाडांची आळी रिकामी केली. उन्हाळ्यात पुन्हा ताण देऊन पावसाळ्याचा बहार धरला, तो आला. कारखान्यात यातलं कुणी काही विचारलं नाही. मी पक्का झालो.

गेल्या महिन्यात सीताबर्डीला त्या दिसल्या. नातीला चपला घेत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि आठ वर्षं न बोललेलं एकदाचं बोललो. "बाई, ते ट्रक म्याच भरले होते. फावडं माह्या हातात होतं."

त्यांनी नातीच्या पायात चप्पल चढवली, बंद लावला.

"मले माहीत होतं गा," त्या म्हणाल्या. "ट्रक नेहमी बदलीवालेच भरत. म्हणूनच त तुले इचारलं. मले वाटलं, तू सांगशीन."