भिंतीपाशी अडलेलं पाणी

आमचे हे लोकांच्या घरामागे टेनिसची कोर्टं बांधतात. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात हा माणूस आयुष्यभर खड्ड्यात पाणी ओतून ते कधी मुरतं ते बघत बसला आहे. कुठलंही काम आलं की आधी जागेच्या कोपऱ्याकोपऱ्यांत खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि शेजारी स्टूल टाकून हे. घरमालक विचारतो, "अहो, काम कधी सुरू करणार?" हे म्हणतात, "सुरू झालंय." मालकाचा जीव टांगणीला आणि ह्यांचं लक्ष खड्ड्यात.

मग उताराची कटकट. कोर्ट सपाट दिसलं तरी एका बाजूला हलकंसं उतरतं ठेवावं लागतं, नाहीतर पाणी मधेच साचतं. हे कुणाला पटेल तर शपथ. एका दातांच्या डॉक्टरांनी कोर्टावर गोटी ठेवून पाहिली, ती घरंगळली, आणि जावयाकडून हरल्याचं खापर त्यांनी ह्यांच्या डोक्यावर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं! पण ह्यांचं अंगण खरोखरच वाकडं असतं, त्यामुळे भांडायलाही जड जातं.

मातीशी एवढा धीर धरणारा हा माणूस सख्ख्या भावाशी मात्र एका वाक्यात बिनसवून बसला. वडिलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा वरचा भाग थोरल्या दिरांकडे गेला, खालचा आमच्याकडे. वर बहुतेक सगळा कडक मुरूम. खाली चिकण माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्याबरोबर आमच्या घराच्या भिंतीही. हे म्हणाले, "दादा, तुला माहीत होतं." ते म्हणाले, "मातीवरून मला चोर ठरवतोस?" झालं. थोड्याच दिवसांत थोरल्या दिरांनी मधे भिंत घातली आणि बोलाचाली बंद. दोघांचा चेहरा एक, चाल एक, खोकलासुद्धा एकसारखा. पण शब्द म्हणून नाही. वरून खोकल्याचा आवाज आला की ह्यांच्या हातातला घास थांबायचा. ह्यांना ते किती लागलंय हे मला रोज ताटावर दिसायचं.

मग एक दिवस पुतणी आली. "काका, आमच्या मागच्या जागेत कोर्ट करून द्याल? बाबा म्हणाले, काका करणार असेल तरच."

तिचं बोलणं संपायच्या आत हे स्टूल घेऊन निघालेसुद्धा.

कामावर दोघे हाताच्या अंतरावर उभे आणि मधे मी, चहाची किटली घेऊन. थोरले दीर मला म्हणायचे, "त्याला विचार, एवढे खड्डे कशाला?" हे मला म्हणायचे, "त्यांना सांग, वरच्या खड्ड्यातलं पाणी चहा होईस्तोवर मुरलं. भिंतीकडच्या खड्ड्यात कालचं तसंच आहे." अहो, कान आहेत ना दोघांना? मी काय टेलिफोनची तार आहे?

भिंतीलगतची चिकण माती ह्यांनी खणून काढली. तिच्या जागी जाड दगड, वर खडी, त्यावर बारीक कच, मग रोलर. सगळं चोख. उतार भिंतीकडे ठेवला, कारण जमिनीचा कलच तिकडे. कोर्टाच्या कडेने नाली काढली. ती भिंतीतून आमच्या अंगणात आणि तिथून रस्त्याच्या गटारात जायची होती. आमच्या बाजूची नालीही खणून तयार. फक्त भिंतीला भोक पाडायचं राहिलं.

"पाडा की," मी ह्यांना म्हटलं.

"भिंत त्यांची आहे. त्यांनी सांगायला हवं."

थोरल्या दिरांना म्हटलं, तर ते म्हणाले, "अंगण त्याचं आहे. त्याने विचारायला हवं."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि नाली भिंतीला नाक लावून उभी. असली चूक पृथ्वीच्या पाठीवर ही दोनच माणसं करू जाणोत. वर कोर्टाला रंग दिला, पांढऱ्या रेघा आखल्या, जाळी बांधली!

शेवटी पाणी सोडून पाहायचा दिवस उजाडला. ह्यांचा नियमच आहे, कोर्ट ताब्यात देण्याआधी त्यावर नळी सोडून ठेवायची. पाणी शहाण्यासारखं उतारावरून नालीत गेलं, नालीतून भिंतीशी, आणि तिथून उलटं कोर्टावर आलं. रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या पुतणीचे नवे बूट भिजले. दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहून पाणी बघत होते.

"तिला सांग, बाजूला हो म्हणावं," हे मला म्हणाले.

आता ह्यांना पुतणीशीही माझ्यामार्फत बोलायचं होतं! माझं डोकंच फिरलं. "मी कुणाला काही सांगणार नाही," मी दोघांना ऐकू जाईल अशी ओरडले. "हे काम संपलं की बोलायला दुसरं निमित्त नाही मिळायचं. मग बसा मरेपर्यंत, तुम्ही त्या बाजूला आणि ते ह्या बाजूला!"

मग थोरल्या दिरांनी पहार उचलली, पाण्यातून चालत भिंतीशी आले आणि थेट ह्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "कुठे मारू?"

हे सवयीने माझ्याकडे बघायला लागले.

"अरे बोल की! कुठे मारू?"

"खाली, दादा," हे म्हणाले. "अजून खाली. आणि पाय मागे घे, वीट पडेल."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. पण पहार उलटी धरली आहेस."

"ही अशीच धरतात!"

वीट निखळली आणि पाणी धो धो आमच्या अंगणात घुसलं. नालीत कमी, माझ्या दारात जास्त. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. कारण भोक केवढं पाडायचं ह्यावरून ते दोघे कडाकडा भांडत होते, आणि दोघांपैकी एकानेही मला मधे घेतलं नव्हतं.