उंटवाल्याच्या सदऱ्यावरची निळी सावली

आमच्या आईला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "छान." दाढ ठणकत असली तरी छान. त्यामुळे पुण्यात तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर फोनवर ती "छान दिसतंय गं" म्हणाली, तेव्हा माझा काडीचा विश्वास बसला नाही. उजव्या डोळ्याला नंतर त्रास झाला होता, हे भावानं मला हळूच सांगितलं होतं.

ती इकडे जपानात, माझ्याकडे हिगाशी-कसाईला आली आणि दोनच दिवसांत मी तिला म्युझियममध्ये नेलं. फिरायला म्हणून, खरं तर परीक्षा घ्यायला. तिथे वाळवंटातल्या सूर्योदयाचं एक जुनं चित्र आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले चित्रकार पूर्वेकडे जाऊन असली चित्रं हौसेनं काढत. तंबू, उंट, आणि पुढे पांढऱ्या सदऱ्यातला उंटवाला. गेल्या वर्षी, ऑपरेशनांच्या आधी, ते बघून आई म्हणाली होती, "सकाळ कसली? नुसती हळद सांडलीय," आणि बाकावर जाऊन बसली होती. मला तेव्हाच धडकी भरली होती.

या वेळी मी मुद्दाम दोन पावलं मागे थांबले. आई चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. माझा जीव टांगणीला.

"सदऱ्याची सावली निळी काढलीय बघ," ती म्हणाली. "पहाटे अशीच पडते. पण काय गं, सूर्य याच्या पाठीमागे, मग तोंड एवढं लख्ख कसं? याला भरदुपारी जेवूखाऊ घालून खोलीत बसवलंय आणि मागे सूर्योदय चिकटवलाय. लबाड मेला चित्रकार!"

"आई, हळू!" त्या शांततेत तिचा आवाज भिंतींवर आपटत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या पहारेकरी बाईंनी मान वर केली. मी वाकून "सुमिमासेन" म्हणत माफी मागितली, पण मनातून मला नाचावंसं वाटत होतं. दिसतंय हिला! निळं दिसतंय, उजेड कुठून येतो तेही दिसतंय. देवा, सुटले मी.

मग तिनं तोंड माझ्याकडे वळवलं आणि त्या उंटवाल्याला निरखलं तसंच मला निरखलं.

"डोळ्यांखाली हे काय काळं गं? झोपत नाहीस का?"

"छान झोपते," मी म्हणाले, आणि तिथेच रडायला लागले.