तिसरा ठिपका

मुलांनो, कोल्हारला माझ्या बहिणीकडे गेले की संध्याकाळी मी प्रवरेच्या घाटावर फिरते. तिथे कानाला मफलर गुंडाळलेली एक बाई रोज दुर्बीण लावून बसते. दर वेळी आधी पदराने चष्मा पुसते, मग डोळा लावते. एकदा मी विचारलेच.

"एक तारा हाय," ती म्हणाली. "जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून साठवतो अन् अचानक भडकतो. एरवी ह्या दुर्बिणीतून दिसत न्हाई. भडकला की पयल्याच दिवशी गाठायचाय मला. पन दर वेळी ढग येत्यात, न्हाईतर पावने!"

परवा मला पाहताच ती ओरडली, "आजी, लवकर या! आत बघा अन् काय दिसतं ते सांगा."

"काय बघायचं?"

"ते न्हाई सांगनार. मला तो लई हवाय, म्हनून माझ्या डोळ्यांवर भरवसा न्हाई. तुमाला काय बी नकोय, तुमी खरं सांगाल."

मला काही नको असण्याचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. मी नीट पाहिले.

"शेजारी शेजारी दोन ठिपके आहेत. त्यांच्याखाली तिसरा, चांगला ठळक."

"तिसरा? नक्की?"

"अगं, मोतीबिंदू काढलाय माझा. स्वच्छ दिसतं!"

"काल तिथं दोनच हुते, आजी!"

तिने माझे हात धरले आणि आम्ही घाटावर चक्क फुगडी घातली. माझी एक चप्पल उडून नदीत गेली. ती हळहळू लागली.

"जाऊ दे गं," मी म्हटले, "आधी तुझा तारा परत दाखव."