सासूबाईंच्या सेवेशी अर्ज

आयटीआयच्या फाटकाबाहेर मी अर्ज लिहावयास बसत असे. हिंजवडीत कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तिथल्याच एक सूनबाई आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकत. बोलताना बांगड्या कोपराकडे सारीत. बांगड्या घालून मशीनला हात लावू नये, असा सरांचा दंडक. सवाष्णीने हात रिकामे ठेवू नयेत, असा सासूबाईंचा. शिक्षण अडले होते.

मी प्राचार्यांच्या नावे मायना घातला.

"सरांना नगं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना लिवा. त्यांना कागदाचा धाक हाय."

मी पानोपानी 'सबब' आणि 'विनम्र' योजून विनंती सादर केली.

दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या हातांनी आल्या.

"वाचून दाखवलात?" मी विचारले.

"निम्मा. तवाच म्हनल्या, 'हे ऐकन्यापरीस काढत जा बाई बांगड्या.'"

भारदस्त भाषेपुढे विरोध टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.