रिपोर्ट येईपर्यंतचं वरण

माझं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा कामरगावात घशापेक्षा माझ्या खिशाची चर्चा जास्त झाली. हा माणूस लपून तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असणार, असं लोकांनी ठरवूनच टाकलं. मी उभ्या जन्मात खर्रा काय, साधी सुपारीसुद्धा चघळली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमचा कॅन्सर विषाणूमुळे झालेला आहे. तो कधीकाळी अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. पण हे पारावर कोणाकोणाला समजावणार? मी चिडायचो. बायको म्हणायची, "बोलू द्या. त्यायचं तोंड, आपलं काय जाते?"

ऑपरेशननंतर रेडिएशनचे शेक दिले. शेक संपेपर्यंत जिभेची चव पार गेली. पुरणपोळी खा नाहीतर पुठ्ठा खा, सारखंच. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले, पण मी आशा सोडून दिली होती. जेवण हे एक काम समजून उरकायचं, एवढंच.

मग रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. आजार कुठे उरला असेल किंवा परत उठत असेल, तर त्या विषाणूचे बारीक तुकडे रक्तात उतरतात, त्यांचा माग काढायचा. पहिल्या वेळी आम्ही जीपनं कारंज्याला गेलो. निघताना बायकोनं मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लॅबमधली मुलगी म्हणाली, "काका, या तपासणीला उपाशी राहायची गरज नसते." माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन मी चहात बिस्किटं बुडवून बुडवून खाल्ली. बायकोनं मात्र कप हातात धरला नाही.

"आता तू काहून उपाशी?"

"कोनाले तरी राहावंच लागते," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई कामातून गेली.

रक्त बर्फाच्या डब्यातून मोठ्या शहरात जाणार आणि रिपोर्ट मोबाईलवर येणार होता. ते दिवस फार वाईट गेले. मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. आजार परत निघाला तर पुन्हा चिरफाड, पुन्हा शेक, आणि तेवढी ताकद आता माझ्यात नव्हती. मी सारखा मोबाईल बघायचो आणि बघितलाच नाही असं दाखवायचो. बायको पुढ्यात वरण-भात ठेवायची, मी तो गिळायचो आणि तिचं मन राखायला "झकास झालं" म्हणायचो.

एका संध्याकाळी असाच घास तोंडात घातला आणि माझा हात थांबला.

"वरनात मीठ नाई टाकलं काय वं?"

तिनं पदर डोळ्यांना लावला.

"काहून रडून राह्यली? विसरली असशीन. आन मीठ."

"विसरली नाई," ती म्हणाली. "रिपोर्ट येईपर्यंत मीठ सोडलं म्या. तुमाले चव लागत नाई, मंग दोन वरनं कायले करू? तुमाले आज कसं समजलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रक्त दिल्यापासून मी रोज अळणी वरणाची तारीफ करत होतो, आणि ही बया ती गुपचूप ऐकून घेत होती. आधी मी हसलो, मग मलाही रडू आलं. त्या क्षणी ती मला जेवढी आवडली, तेवढी लग्नातही आवडली नव्हती.

पुढे रिपोर्ट आला. विषाणूचा माग सापडला नव्हता. मोबाईल बघून तिनं आधी देवाला हात जोडले आणि मग मिठाचा खडा जिभेवर ठेवला. पण डॉक्टरांनी बजावलं, एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, दर काही महिन्यांनी रक्त द्यावं लागेल.

"मंग दर बारीले मीठ सोडावं लागते," बायको म्हणाली. दळण आणायला जायचंय असं सांगावं, तशी.

आता रक्त दिलं की घरात दोघांचंही मीठ बंद. ती खूप भांडली, पण मी ऐकलं नाही. भीती अजूनही तेवढीच वाटते. ते वरण तर फारच वाईट लागतं. वाईट लागतं हे मला कळतं, म्हणून मी ते दुसऱ्यांदा वाढून घेतो.